सतरा नंबरचं वजन

“रिकामा रकाना रिकामाच ठेव गं. त्याच्यामागे बाळ असतं,” काटा पुसता पुसता प्रयोगशाळेतल्या मावशींनी बजावलं होतं. ती हसली होती. तीस वर्षं बाळं तोलणाऱ्या मावशींना आलेखातलं काय कळणार?

बाळांना वाढीचे थेंब द्यायचे आणि दर आठवड्याला वजन घ्यायचं, असा त्या प्रयोगशाळेचा अभ्यास. वजनांचे आलेख काढणं तिचं काम. बारा आया मध्येच यायच्या बंद झाल्या. सर म्हणाले, “मागच्या चालीवरून पुढचे आकडे भर. एवढ्यासाठी अडून बसायचं का?” तिने भरले. रेघा अशा झोकात चढल्या की सरांनी तिची पाठ थोपटली. सोमवारी शोधनिबंध छापायला जाणार होता.

त्याच आठवड्यात तिच्या लेकीला ताप आला. काळजीपोटी ती घरीही आधीपासूनच तिचं वजन रोज टिपायची. नवरा चिडवायचा, “पोरगी आहे की बटाटे?” ताप उतरल्यावर तिने टिपणं जोडली आणि बघतच राहिली. रेघ चढली होती, अडखळली होती, तापात घसरली होती, दोन दिवस रुसून बसली होती, मग एकदम उसळली होती. एवढ्याशा जिवाची केवढी ही झुंज! तिच्या अंगावर काटा आला.

आणि तिला आपण भरलेले आकडे आठवले. त्या बारांतलं सतरा नंबरचं बाळ तीन महिन्यांत एकदाही अडखळलं नव्हतं. अडखळणार कसं? त्याला तिनेच वाढवलं होतं, खुर्चीत बसून.

“उंटावरून शेळ्या हाकल्यास,” तिने कबूल केल्यावर मावशी म्हणाल्या. पण बोलता बोलता काटा काखेत मारून त्यांनी चपलाही घातल्या.

सतराच्या आईनं दार उघडलं. “थेंब दिले की ओकायचा. सरांना सांगितलं, तर म्हणाले, मग येऊ नका. नंतर कुणी फिरकलंच नाही.”

कागदावर सात किलो दोनशे. काट्यावर पाच किलो शंभर. त्या काडीएवढ्या हातानं तिचं बोट मात्र असं पकडलं, की सोडवता सोडवेना.

“एका बाळानं काय बिघडतं?” सरांनी विचारलं.

“त्याचं सगळंच बिघडलं असतं, सर.” तिने बाराच्या बारा बाळांचे रकाने रिकामे केले. निबंध अडला.

सतरा नंबर आता इस्पितळात आहे. काल ऐंशी ग्रॅम चढला, आज वीस उतरला. ती वाकडीतिकडी रेघ बघताना तिला अजून श्वास घ्यायचं भान राहत नाही.

बाकीच्या अकरांपैकी दहा सापडली, धडधाकट. नऊ नंबरची मुलगी तेवढी राहिली. घर बदललंय, पत्ता नाही. डाव्या कानामागे तीळ, आई शिवणकाम करते. तुमच्या जिन्यात कुणी नवं राहायला आलंय का? जरा दार वाजवून बघाल? काटा नसला तरी चालेल. नुसती उचलून बघा.