भित्यापाठी मामा

"नाटकातून काय शिकलात?" पाहणीला आलेल्या बाईंनी विचारलं आणि कॉलेजच्या सभागृहातली झाडून सारी पोरं खदाखदा हसली. स्वतःचं हसणं नव्हे. नाटकातला रोग हसतो, तसं.

बाई खूश झाल्या. संदेश पोचला, असं त्यांनी लिहून टाकलं.

ते हसणं मामाचं. तरुणांना एचआयव्हीपासून वाचवायला निघालेल्या पथनाट्यात तो कित्येक वर्षं रोगाचं काम करत होता. काळा झगा, पांढरं फटक तोंड. शेवटी नायकाच्या मानेवर हात पडायचा की नायक आडवा आणि टाळ्या! त्या हसण्यानं एका गवळ्याचं दूध चरवीतच नासलं होतं आणि एका मुख्याध्यापकांचे उरलेसुरले दोन दात गळून पडले होते. खोटं कशाला सांगू, दात मी पाहिलेत. पोर जेवेना की आया म्हणायच्या, "बोलवू का मामाला?"

त्याचा सख्खा भाचा तर पहिल्या रांगेत बसून सगळे संवाद त्याच्याआधी म्हणायचा. तोच भाचा ताप नि खोकला लपवत राहिला आणि जिन्यात कोसळला, तेव्हा कुठे दवाखान्यात आला.

"वर्षभर आधी आला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तर रोज गोळ्या घेऊन चांगला म्हातारा झाला असता. चाचणी फुकट आहे हो! आता बघू, जमेल तेवढं करू."

मामा खाटेशी बसला. "मला तरी सांगायचंस, गाढवा."

"तुला?" भाच्याला हसता हसता खोकल्याची उबळ आली. "मामा, तुझ्या नाटकात एक तरी माणूस वाचलाय का? म्हटलं, मरायचंच आहे, तर आईच्या जिवाला आधीपासून घोर कशाला?"

मामा तडक नाटक चालवणाऱ्या संस्थेत, त्या पाहणीच्या बाईंकडे गेला. "नाटकात औषधाची गोळी घाला. एक माणूस जगू द्या. एकच."

"अहो, गोळी आली की भीती गेली! पाहणीत भीतीलाच तर सगळ्यांत जास्त गुण आहेत. तुमचं हसणं आता गावोगाव न्यायचंय."

"त्या हसण्यापायी पोरं दवाखान्याची पायरी चढत नाहीत, बाई."

बाईंनी कागद चाळले. "तसा प्रश्न आम्ही विचारलेलाच नाही."

मामानं झगा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"दुसरं कुणी मिळेल आम्हाला," बाई म्हणाल्या.

"मिळेल की. हसायला काय अक्कल लागते?"

दुपारी तो पुन्हा खाटेशी आला, तर भाचा ग्लानीत होता. शेजारच्या खाटेवर मिसरूडही न फुटलेला एक नवा पोरगा होता. त्यानं मामाकडे पाहिलं, ओळखलं आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

सिस्टर गोळ्या घेऊन बराच वेळ त्याची मनधरणी करत राहिल्या. मग हळूच वळून म्हणाल्या, "मामा, रागावू नका. जरा बाहेर थांबता? तुम्ही दिसताय तोवर हा तोंड उघडायचा नाही."

मामा उठला. भाच्याचे उघडे पडलेले पाय त्यानं नीट झाकले आणि व्हरांड्यात जाऊन तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आत पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज येईपर्यंत.