गुडघ्याखालची काळी रेघ

मी एक जुनी नडगी आहे. वय एकोणसत्तर, मुक्काम आस्ता योनासन या बाईच्या उजव्या गुडघ्याखाली. मित्रांनो, नीट बसून ऐका. मला वाकलेली माणसे आवडत नाहीत.

जन्मापूर्वी मी मऊ कूर्चेची होते. मग मध्यापासून हाड धरत गेले आणि टणक झाले. माझ्या दोन्ही टोकांशी मात्र कूर्चेचा एकेक पातळ थर राहिला. त्याच थरातून नवे हाड तयार होई आणि माझी उंची वाढे. माझ्या पाठीशी पोटरी राहते. गुणाची आहे, पण तिला ढकलणे ठाऊक नाही, केवळ ओढता येते. ती टाच वर ओढते. पाऊल वर ओढण्याचे काम समोरच्या स्नायूचे.

आस्ता बारा वर्षांची असताना कॅनडातल्या विनिपेग सरोवराच्या बर्फावर शर्यतीचा सराव करताना जोरात आपटली. शर्यत चार दिवसांवर होती. मला जपण्यासाठी भोवतालचे स्नायू असे आवळून बसले की पाय सरळ होईना. वडिलांनी तिला बर्फावरून ओढायच्या स्लेजगाडीवर घालून दवाखान्यात नेले.

नवे डॉक्टर पेनर यांनी एक्स-रे उजेडावर धरला. "ही काळी रेघ बघा, आरपार गेलीय. हाड मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर."

"तोवर बर्फ राहील का?" आस्ताने विचारले.

"पुढच्या वर्षी पळ गं," वडील म्हणाले.

"पुढच्या वर्षी मला मोठ्या मुलींत घालतील, पप्पा. त्यांचे पाय बघितलेत?"

मला संताप आला. मी अखंड होते, परंतु सांगणार कशी? शिवाय ओढायला काम नसले की पोटरी किती झपाट्याने वाळते, हे मी जाणून होते.

एक्स-रे काढणाऱ्या गुदरूनबाई त्या कामात तीस वर्षे मुरलेल्या होत्या. "डॉक्टर, डावा पायही काढते."

"डाव्याला काय झालंय?"

"काही नाही. म्हणूनच."

डाव्या पायाच्या चित्रात तीच रेघ होती, त्याच जागी.

"दोन्ही पाय एकाच मापात मोडून आली म्हणायची," गुदरूनबाई म्हणाल्या. "पोरगी शिस्तीची आहे."

डॉक्टरांचे कान लाल झाले. एक्स-रेमध्ये कूर्चा हाडासारखी उमटत नाही. तिथे काळी पट्टी दिसते. माझी वाढ त्यांना मोडतोड वाटली होती. त्यांनी आस्ताच्या पायावर त्या रेघेच्या जागी बोट दाबले.

"इथे दुखतं?"

"नाही. वर, वाटीवर दुखतं."

मुका मार होता. गुदरूनबाईंनी ऊन टॉवेल गुंडाळले. हळूहळू स्नायूंनी पकड सोडली आणि पाय सरळ झाला.

"शनिवारी पळू?"

"बाईंना विचार," डॉक्टर म्हणाले.

"शुक्रवारी माझ्यासमोर उड्या मार," गुदरूनबाई म्हणाल्या. "तोंड वाकडं झालं, तर घरी बसायचं."

शुक्रवारी तिने उड्या मारल्या, तोंड सरळ ठेवून. शनिवारी आम्ही तिसऱ्या आलो. मी तिला एकदाही दगा दिला नाही.

मित्रांनो, तुमच्या नडग्या अजून वाढत आहेत. त्यांना दूध द्या, ऊन द्या, रोज पळवा. भार पडल्याशिवाय हाड दाट होत नाही आणि काम केल्याशिवाय स्नायू टिकत नाही. आणि कुणी तुमच्यात खोट दाखवली, तर घाबरू नका. आधी दुसरा पाय तपासायला सांगा.