साहेबासाठी झाडलेली खाडी

दादरच्या कोळीवाड्यामागची खाडी सोमवारी निळी आणि गुरुवारी लाल वाहायची. वर परळकडे एका शेठचा सूत रंगवायचा कारखाना होता. त्याचं उरलंसुरलं पाणी ओढ्यातून थेट खाडीत यायचं. ह्याला शेठ सुधारणा म्हणायचा. कसली डोंबलाची सुधारणा! बोयी मासळ्या पोट वर करून तरंगायच्या, निवट्या चिखलात मरून पडायच्या, बगळेसुद्धा खाडी टाळून माहीमकडे जायला लागले होते.

तुळसा विधवा बाई. होडी नाही, जाळं ओढायला घरात बाप्या नाही. ओहोटीला खडकावरची कालवं फोडायची, चिखलातून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढायच्या आणि पाटी डोक्यावर घेऊन विकायच्या. खाडी मेली की तिला त्याच कारखान्याच्या दारात रोजावर उभं राहावं लागणार होतं.

"त्याच्या दारात? त्यापरीस चिंबोरीच्या बिलात र्‍हाईन!" ती म्हणायची.

अर्ज मी लिहिले. मी लवू, गिरणीत मागावर कापड विणणारा साचेवाला. पहिले दोन अर्ज शेठला दिले. "कोळ्यांची खाडी, घाणच असणार," असं म्हणून त्याने ते दरवानाकडे फेकले. तिसरा अर्ज आरोग्यखात्यात दिला, खाली ऐंशी अंगठे. उत्तर आलं : शुक्रवारी साहेब जातीने पाहणी करतील.

शुक्रवारी मी खाडा करून गेलो, तर किनारा लख्ख. शेणाचा सडा, वर रांगोळी. मेलेला एक मासा दिसेल तर शपथ.

"तुळसाबाय, मासे कुठंयत?"

"कंचे मासे?"

"मेलेले! परवा ढीग होता इथं!"

"सायेब येनार नि दारात घान ठेवू? आमाला काय रीत नाय? पहाटपासून बाया झाडतायत."

मी कपाळावर हात मारला. वर ओढा पाहिला, तर तोही काचेसारखा. शेठला सुगावा लागला होता, त्याने रंगाचं पाणी आधीच अडवलं होतं. म्हणजे झाडलं दोघांनीही. फरक इतकाच, की आपण काय झाकतोय हे शेठला पक्कं ठाऊक होतं.

साहेब आला, काठीने वाळू टोचली, पाणी पाहिलं. बरोबरच्या रमाकांत कारकुनाने वही मिटत सांगितलं, "साहेब म्हणतात, किनारा फार स्वच्छ आहे. तक्रारीत तथ्य दिसत नाही."

तुळसाच्या तोंडचं पाणी पळालं. आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं. मग तिने कासोटा आवळला, कुदळ उचलली आणि नारळाच्या बुंध्याशी गेली. वाड्यात कुजकी मासळी कुणी टाकत नाही, माडाला खत म्हणून पुरतात.

"भाऊसायेब, वही उघडा. सायबाला सांगा, जरा इकडं या."

चार घाव घातले आणि असा वास सुटला की रमाकांत दोन पावलं मागे सरला. म्हातारा कुशाबा ओट्यावरून ओरडला, "सायबाला जेवाया बोलवू म्हनत होतो, तुलसानं नाकालाच वाढलं!"

तुळसाने एक बोय उचलून कल्ला फाकवला. निळा, निळीत बुडवल्यासारखा. दुसरीचाही निळा. तिसरीचाही.

"अशी मासली आमच्या दर्यात निपजत नाय, सायेब."

साहेबाने नाकाला रुमाल लावला, पण पळाला नाही. वाकून बघितलं, तीन बोयी बरणीत घालून घेतल्या आणि तिथेच उभ्या उभ्या लिहायला लागला.

शिमग्याच्या आत ओढ्याचं तोंड बांधलं गेलं. रंगाचं पाणी आता शेठच्याच आवारातल्या हौदात साठतं. त्याचा वास त्याच्याच दिवाणखान्यात जातो. खुशाल जावो.

काल गेलो तर खाडीत पाच बगळे होते. तुळसा गुडघाभर चिखलात उभी. तिने मांसाने भरलेली एक चिंबोरी माझ्या अंगावर फेकली.

"धर, अर्जवाल्या! बायकोला सांग, तिखट जास्ती घाल."

"आणि परत साहेब आला तर? झाडणार?"

"झाडीन तर! मानसासारखी मानसं आमी." ती हसली. "पन आदी दाखवीन, मग झाडीन."