वाट न विचारणारा निरोप

माझ्या अंगावर गंज नाही, कारण मी प्लास्टिकची आहे. पण मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे, आणि टेकडीवरच्या रानात एका झाडाच्या खोडाला पट्ट्याने बांधलेली आहे. माझ्या पोटात उष्णता आणि धूर ओळखणारा सेन्सर आहे, डोक्यावर तळहाताएवढी सौरपट्टी आणि पुढे एक लाल दिवा व बारीकसा भोंगा. माझ्यासारख्या डब्या रानभर आहेत. आम्ही तारेविना एकमेकींशी बोलतो खऱ्या, पण आमचे बोलणे आजूबाजूच्या चार-पाच झाडांपलीकडे जात नाही. एवढीशीच आमची ऐपत!

ज्या इंजिनिअर ताईंनी आम्हाला घडवले, त्यांनी आधी निरोपांना ठरलेली वाट आखून दिली होती. सगळे निरोप वनरक्षकाच्या चौकीजवळच्या एकाच डबीतून खाली-वर जायचे. घरातल्या मोठ्या सुनेसारखे सगळे तिच्याच अंगावर पडले. बिचारीची बॅटरी लवकरच संपली, आणि आम्ही बाकीच्या ठणठणीत असूनही मुक्या झालो.

मग ताईंनी तिची बॅटरी बदलली आणि एक अजब नियम घातला. निरोप हाती आला की वाचून लक्षात ठेवायचा, दिवा लावायचा, धोक्याचा असेल तर भोंगाही वाजवायचा, मनातल्या मनात चिठ्ठी काढायची आणि नाव निघेल त्या शेजारणीला तो द्यायचा. वर, खाली, आडवा, आला तिथेच परत, काहीही चालेल. शेजारणीची पोच आली की आपण मोकळ्या. पोच आली नाही तर पुन्हा चिठ्ठी.

वनरक्षक काकांना हे मुळीच पटले नाही. चाचणीसाठी सोडलेला पहिला निरोप रानभर उनाडक्या करत बसला आणि काकांचा चहा संपायच्या आत दोनदा चौकीच्याच डबीकडे परत आला.

"अहो ताई, हा निरोप आहे की रिकामटेकडा पाहुणा? वर जायचं सोडून माझ्याच दारात काय येतोय सारखा?"

"येऊ द्या हो काका. उशीर करेल, पण कुणाला वगळणार नाही."

दुपार उलटल्यावर काका स्वतः टेकडी चढून आले. अगदी टोकाच्या डबीचाही दिवा लागलेला होता. मी तेव्हा थक्क झाले, आणि खरे सांगते, अजून तशीच थक्क आहे. आमच्यात ना कुणाकडे नकाशा, ना कुणी म्होरकी. पुढे काय आहे हे एकीलाही ठाऊक नसते, आणि तरी सगळ्यांना सगळे कळते!

पुढची वर्षे शांततेत गेली. पाखरे माझ्या डोक्यावर शिटली, मुंग्यांनी पट्ट्याखाली संसार थाटले. काकांच्या घरच्या काकू रोज शेळ्या घेऊन वरच्या राईत जात, पण आमच्याकडे ढुंकूनही बघत नसत. काकांनी त्यांना एवढेच बजावले होते, "डब्या वाजायला लागल्या, की ओढ्याच्या बाजूने खाली ये."

एका कोरड्या दुपारी चौकीमागच्या गवताने पेट घेतला. वारा टेकडीच्या दिशेने होता. काकू राईत होत्या आणि तिथे फोन लागत नाही. काकांनी चौकीतले बटण दाबून निरोप सोडला आणि ते पायवाटेने धावत सुटले, पण धुराने त्यांना परत फिरवले. आता काकूंचा जीव आमच्या चिठ्ठ्यांवर होता.

निरोप माझ्याकडे आला. माझा भोंगा वाजला. चिठ्ठीत पायवाटेवरच्या वरच्या डबीचे नाव निघाले. मी हाक मारली, पोच नाही. वाऱ्याने उडालेल्या ठिणग्यांनी ती आधीच जळाली होती. पुन्हा चिठ्ठी काढली, तर नाव निघाले खालच्या डबीचे, जिच्याकडून निरोप आला होता तिचेच! काकू वर, आग खाली, आणि मी निरोप आगीकडे पाठवत होते. पण नियम तो नियम. तिची पोच आली, आणि मग सगळे शांत झाले. मला फार भीती वाटली.

तेवढ्यात लांबून, ओढ्याच्या अंगाने, एक भोंगा ऐकू आला. मग त्याच्या जरा वरचा. मग बराच वेळ काहीच नाही. मग आणखी वरचा. आणि शेवटी थेट राईतून भोंगा वाजला, पाठोपाठ शेळ्यांचा एकच कालवा झाला. काकू ओढ्याने उतरल्या. खोकून बेजार, पण धडधाकट.

आग विझल्यावर ताई आल्या. काकूंनी त्यांना विचारले, "कुठल्या डबीनं आणला गं माझा निरोप?"

"ते नाही सांगता येणार, काकू. तो कुठून कुठून फिरत आला, कुणालाच माहीत नाही. यातली कुणीही असेल."

काकूंनी डोक्याचा रुमाल सोडला, ओढ्यात भिजवला आणि झाडामागून झाड घेत आमच्यावरची राख पुसायला लागल्या. त्यांनी माझी सौरपट्टी पुसली. "तूच असशील," त्या मला म्हणाल्या. पुढच्या डबीलाही त्या हेच म्हणाल्या. आणि वरची ती डबी, जी वितळून खोडाला चिकटली होती, तिलाही पुसून म्हणाल्या.

मित्रांनो, माझी बॅटरी आता दमत चालली आहे. वाटेत आमच्यासारखी एखादी डबी दिसली, तर खेळ म्हणून ती उचकटू नका. तिच्यावरची धूळ तेवढी पुसा. तिच्या हातात कुणाचा जीव आहे, हे तिलाही ठाऊक नसते.