बोटांखालची ओळ

सकाळी सात वाजता हेडविग ओल्टमान्सने राईच्या पावावर लोणी लावले आणि बोटाच्या टोकाने त्याची कड चाचपली. ती नीट लागली नाही. केमोथेरपीने बोटांना आलेली बधिरता ओसरेल, असे डॉक्टर म्हणाले होते.

“अगं, टेबलाला लोणी फासतेयस,” नवरा एन्नो म्हणाला. “कोर्टातही असंच चालतं का?”

तिला हसू आले नाही. काल तसेच झाले होते.

हेडविग जन्मांध होती आणि कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीश होती. कान साक्षीदाराकडे, बोटे संगणकाला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर, अशी तिची रीत. पट्टीवर मजकूर संक्षिप्त ब्रेलमध्ये उमटे. दोन खुणांत अख्खा शब्द. सुटी अक्षरे शाळकरी पोरांसाठी, असे ती म्हणायची. पण संक्षिप्तात एक टिंब निसटले की शब्दच बदलतो. “मुलीला रोज एकटं ठेवता?” तिने काल एका आईला विचारले. फाइलीत ‘एकदा’ होते. बाईला रडू आवरेना.

आज निकाल होता: मुलगी आईकडे राहणार, की परक्या घरी.

कचेरीत हेडविगने फाइल पुन्हा उघडली. कर्सर ज्या शब्दावर असेल, तेवढाच सॉफ्टवेअर सुट्या अक्षरांत उलगडून दाखवी. ती एकेक शब्द उलगडत गेली. पण तो पसरला की उरलेली ओळ बोटांखालून सरके आणि वाक्याचा धागा तुटे. उन्हाळ्यात केमोथेरपी सुरू झाल्यापासून आपण दिलेल्या निकालांत काय काय चुकीचे वाचले असेल?

“बाई, ती आई बाहेर नुसत्या येरझारा घालतेय,” लिपिक फ्राउ त्यादेन दारातून म्हणाल्या. “मी वाचून दाखवू का?”

“आणि कोर्टात ती बोलत असताना माझ्या कानात कुजबुजणार?”

“मग तिला अशीच ताटकळत ठेवायची?”

हेडविगने कळफलक पुढे ओढला. मग तिने संक्षिप्त ब्रेल बंद केले. आता सुट्या अक्षरांत पट्टीवर जेमतेम पाच शब्द मावत होते. पण टिंब निसटले, तरी बिघडत होते एकच अक्षर.

“आज निकाल नाही. पुढची तारीख द्या. मुलगी तोवर आईकडेच.”

“कारण काय लिहू?”

“न्यायाधीशांनी फाइल चुकीची वाचली. बोटं बधिर आहेत, तेही लिहा. आणि जुने निकाल तपासायला वरिष्ठांना कळवा.”

“बाई, खुर्ची जाईल तुमची.”

“ठाऊक आहे. लिहा.”

टंकलेला मजकूर तिने पट्टीवर अक्षर न् अक्षर वाचला, सही केली आणि कागद फ्राउ त्यादेन यांच्या हाती दिला.