न गळता हरवलेलं पाणी

मित्रांनो, मी एक निकामी झालेला धुराचा कूलर आहे. गाडीचं बॉनेट उघडलं तरी मी चटकन दिसत नसे. इंजिनाच्या कुशीत, नळ्यांच्या गर्दीत हातभर लांबीचा एक पोलादी डबा असतो, तो मी. आठ वर्षं एका पांढऱ्या व्हॅनमध्ये राबलो. आता एका गॅरेजच्या फळीवर पडून आहे. बाकीची वर्षं कशी गेली ते मला फारसं आठवत नाही. शेवटचे वीस दिवस मात्र विसरता येत नाहीत.

माझा जन्म कारखान्यातला. पातळ पत्र्याच्या बारीक नळ्या एका डब्यात ओवल्या, भट्टीत घातल्या आणि सगळे जोड एकजीव केले. काम काय, तर धूर थंड करायचा. डिझेल जळताना इंजिनातली आच फार वाढली की विषारी वायू तयार होतात. म्हणून बाहेर पडणाऱ्या धुरातला थोडा धूर पुन्हा इंजिनात पाठवतात. त्यानं आतला जाळ जरा नरमतो. किती धूर परत पाठवायचा, हे माझी शेजारीण झडप ठरवायची. तो मी निववून पुढे द्यायचो. धूर माझ्या नळ्यांतून जायचा आणि नळ्यांभोवती कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, फिरायचं. आत आग, बाहेर पाणी आणि मध्ये पत्र्याचा पापुद्रा. तो पापुद्रा शाबूत राहणं, एवढीच माझी अब्रू.

आमची व्हॅन साधी नव्हती. डोंगरातल्या वस्त्यांवरून पाच पेशंट घेऊन ती आठवड्यातून तीनदा शहरातल्या हॉस्पिटलात जायची. त्या पाचही जणांच्या किडन्या थकल्या होत्या. मशीनवर चार तास रक्त धुऊन घ्यायचं आणि परतायचं. एक पाळी चुकली की पाय सुजायचे, दोन चुकल्या तर श्वास अडकायचा. ड्रायव्हरला सगळे भोंगाकाका म्हणत, कारण प्रत्येक वळणावर तो भोंगा वाजवल्याशिवाय राहत नसे. माणूस जिवाला जीव देणारा. पेशंटला हात धरून चढवायचा, थंडीत स्वतःची शाल काढून द्यायचा.

त्याची थोरली बहीण गॅरेज चालवायची. वर्षातून एकदा ती मला उतरवून आतली काजळी काढायची. "हा बिचारा सगळ्यांची राख खातो," असं एकदा ती म्हणाली होती. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

पुढे पेशंट वाढले, फेऱ्या वाढल्या आणि गॅरेजची वारी लांबत गेली. कूलंट कमी झालं की भोंगाकाका रस्त्याकडेच्या नळाचं पाणी ओतू लागला. त्या पाण्यातला क्षार माझ्या नळ्यांवर पुटासारखा बसला. पूट बसलं तिथे गारवा पोचेना. आणि एका चढावर, माझ्या एका नळीला केसाएवढी चीर गेली.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. चिरेतून थेंब थेंब पाणी धुरात जायचं, वाफ व्हायची आणि सायलेन्सरमधून निघून जायची. जमिनीवर टिपूस नाही. मला ओरडता येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

ते ओळखलं एका बाईंनी. त्या निवृत्त शिक्षिका, पेशंटांपैकीच एक. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. ड्रायव्हरमागच्या सीटवर बसायच्या. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला मोजकंच पाणी सांगितलं होतं. त्यांच्या छोट्या बाटलीवर पेनानं रेघा ओढलेल्या असायच्या आणि प्रत्येक घोट रेघेवर नजर ठेवून.

एके सकाळी भोंगाकाका बॉनेट उघडून पाणी ओतत होता. बाई खिडकीतून म्हणाल्या, "सोमवारी एक बाटली ओतलीत. बुधवारी दीड. आज दोन."

"उन्हाळा आहे, बाई. उडून जातं."

"झाकण बंद असतं ना? मग उडतं कुठून?"

तो हसला, पण वाकून गाडीखाली बघून आला. जमीन कोरडी. "बघा, गळत नाहीये," तो म्हणाला.

"गळत नाही आणि उरतही नाही," बाई म्हणाल्या. "स्वतःचं पाणी मोजून प्यायला लागल्यापासून मला दुसऱ्याचंही मोजायची खोड लागलीय. तुमच्या ताईला विचारा एकदा."

त्यानं तिथूनच ताईला फोन लावला. ती म्हणाली, "आजच आण. दोन दिवस गाडी उभी राहील."

"दोन दिवस? मग यांना कोण नेणार? पुढच्या आठवड्यात आणतो."

खोटं बोलत नव्हता तो. दुसरी गाडी खरंच नव्हती. पण तो आठवडा सरला, त्याच्या पुढचाही सरला. चीर बोटभर झाली. प्रत्येक चढाला मला वाटायचं, आज जाणार. पेशंटांतले एक आजोबा मागच्या सीटवर झोपायचे, त्यांच्या घोरण्याची लय मला ऐकू यायची आणि माझ्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. निदान धूर तरी पांढरा होऊ दे, कुणाला तरी दिसू दे, असं मी मनात घोकत राहायचो.

शेवटी भर दुपारी, शेवटच्या मोठ्या चढावर, धूर पांढराफटक झाला. आरशात मागचा रस्ताच दिसेनासा झाला. जळत्या कूलंटचा गोडसर वास पसरला. तापमानाचा काटा लाल खुणेवर चढला आणि इंजिन खोल कण्हू लागलं. भोंगाकाकानं गाडी कडेला घेऊन बंद केली.

ताई फोनवर म्हणाली, "झाकण उघडू नकोस, भाजशील. आणि गाडी चालू करायची नाही. मी निघालेच."

पाऊण तास गेला. इंजिन बंद होतं, तरी नळ्यांत कोंडलेला दाब पाणी ढकलतच होता. माझ्यातून झिरपलेलं पाणी झडपेवरून पुढे सरकलं, इंजिनाच्या तोंडाशी जमलं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, मित्रांनो. त्या क्षणी कुणी इंजिन फिरवलं असतं, तर पिस्टनचा दांडा वाकून सगळं फुटलं असतं.

मागच्या सीटवर आजोबांना धाप लागली. भोंगाकाकाचा चेहरा पडला. "काटा खाली आलाय," तो म्हणाला. "चारच किलोमीटर राहिलेत. हळूहळू नेतो." त्यानं चावी घातली.

बाईंनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मलाही उशीर होतोय," त्या म्हणाल्या. "माझेही पाय सुजलेत. पण ताई नको म्हणाली ना? मग नको."

"आजोबांना काही झालं तर?"

"तर आपण सगळे इथे आहोत. चढावर गाडी बंद पडून दरीत गेलो, तर कुणीच नसेल."

त्याची बोटं चावीवर किती वेळ होती, सांगता येत नाही. मला तो वेळ आठ वर्षांहून लांब वाटला. मग त्यानं चावी काढली, बाईंच्या हातात दिली आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून येणाऱ्या गाड्यांना हात करू लागला. तिसरी गाडी थांबली. तिच्यात आजोबा आणि आणखी दोघं गेले. ताईचा टेम्पो आला तेव्हा त्यात उरलेले बसले. बाई सगळ्यांत शेवटी.

हॉस्पिटलातल्या नर्सनं मशीन अडवून ठेवली होती. जिवावरचं बोटावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी ताईनं मला उतरवलं, टबात बुडवून हवा भरली. चिरेतून बुडबुड्यांची माळ निघाली. भोंगाकाका टबावर वाकला.

"मी रोज पाणी ओतत होतो," तो म्हणाला.

"ओतत होतास, हो," ताई म्हणाली. "जातंय कुठे ते बघत नव्हतास."

त्या दोन दिवसांसाठी ताईनं आपला टेम्पो दिला. दुसरी गाडी नव्हती म्हणून दोन आठवडे अडलेलं काम असं चुटकीसरशी सुटलं. त्यानं टेम्पो कधी मागितलाच नव्हता.

माझ्या जागी आता नवा कूलर आहे. तोही माझ्यासारखाच मुका. म्हणून मित्रांनो, त्याच्या वतीनं मीच सांगतो. यंत्र असो वा माणूस, नेहमीपेक्षा जास्त मागू लागलं तर मुकाट्यानं भरत राहू नका. थांबा, वाकून बघा आणि खाली कोरडं दिसलं, तरी तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका.