दर्शनी खुर्ची

"आजपासून आत फाइलींच्या खोलीत बस. तिथं पंखाही चांगला आहे," डॉक्टर म्हणाले.

"मला इथंच बरं वारं लागतं, सर," गोबरी म्हणाली आणि दारासमोरच्या खुर्चीतून तसूभरही हलली नाही.

गोबरी हे आईनं लाडानं ठेवलेलं नाव. आई गेली, पण तिचे टम्म गाल लेकीच्या चेहऱ्यावर राहिले होते. चेहरे सुंदर करून देणाऱ्या या दवाखान्यात फोन घेणं, पेशंटना आत सोडणं हे तिचं काम. गेल्या वर्षी डॉक्टरांनीच टुमणं लावलं, "दर्शनी बसतेस तू. गाल जरा रेखीव करू, दवाखान्याची शोभा वाढेल." तोंडाच्या आतून चीर देऊन त्यांनी चरबी काढली. सूज उतरली आणि गालांच्या जागी दोन खळगे उरले, डावा जरा जास्तच खोल. आरशात कुणीतरी आजारी म्हातारी दिसायला लागली. "धीर धर, बसेल जागेवर," म्हणत डॉक्टरांनी वर्ष ढकललं. त्यांचं तोंड पाहिलं तरी तिच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

मग तिला सूड सापडला. त्यासाठी काही करायचंच नव्हतं, नुसतं समोर बसायचं होतं. गालांची चौकशी करायला आलेल्या बायका तिच्याकडे बघत आणि त्यांना अचानक घरची कामं आठवत.

डॉक्टर आता पार रडकुंडीला आले होते. "अगं, मांडीची चरबी घेऊन गालांत भरतो. पहिल्यासारखं नाही, पण बरंच भरून येईल."

"तुमच्या हातून? नको."

"मग दुसऱ्या कुणाकडून करून घे!"

"घेईन की. घाई काय आहे? बसेल जागेवर."

"कामावरून काढीन हं!"

"काढा. का काढलं ते लोक विचारतीलच मला."

तेवढ्यात एक कॉलेजातली मुलगी आली. गोल गुबगुबीत गालांची.

"ताई, गाल बारीक करतात ते इथंच ना?"

गोबरीनं डावा गाल उजेडाकडे केला. "हो. माझे इथलेच."

मुलगी बघतच राहिली. "मी... आईला विचारून येते." बाहेर जाऊन तिनं दाराच्या काचेत स्वतःचे गाल फुगवून पाहिले, खुदकन हसली आणि निघून गेली.

डॉक्टर पाय आपटत केबिनमध्ये गेले. गोबरीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

काचेत आता तिचाच चेहरा उरला होता. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि गालांत हवा भरून धरली. काचेत आई दिसली.

टेबलावरचा फोन वाजला. बोलायचं तर हवा सोडावी लागणार होती. तिनं तो थोडा वेळ तसाच वाजू दिला.